न आलेला निरोप

कडेगावच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे संपत शिंदे सर रोज सकाळी निघताना आईपुढं उन्हात उभे राहायचे. आई, म्हणजे आमच्या काकू, त्यांचा चेहरा निरखायच्या, दंड चाचपायच्या आणि म्हणायच्या, "बरा हायस. म्हंजी दिनूबी बरा हाय." दिनकर हा सरांचा जुळा भाऊ, फौजेत सुभेदार. मी केमिस्ट्रीचा मास्तर, सरांच्या गाडीवर मागं बसून जाणारा. ही तपासणी बघून मला रोज हसू यायचं.

"सर, तुम्ही तरी त्यांना समजवा की!"

"सांगून दमलो गड्या. तिच्या जिवाला बरं वाटतंय न्हवं? उभं ऱ्हायाला आपलं काय जातंय?"

वर्गात मात्र त्यांना असलं काही खपत नसे. क्वांटम एन्टँगलमेंट अभ्यासक्रमात नव्हतं, तरी ते शिकवायचेच. "विश्व सुरू झालं तवा सगळं एकाच जागी व्हतं. तवापासनं लय गुंता हाय! गुंतलेल्या दोन कणांतला एक साताऱ्याला न्या, एक सांगलीला. मोजून ताळा बघा, जुळणार म्हंजी जुळणार. पण त्यातनं निरोप धाडता येत न्हाई. ह्येचं झालं काय, त्येला कळत न्हाई." वर टेबलावर थाप.

गेल्या हिवाळ्यात आम्ही स्टाफरूममध्ये भडंग खात बसलो होतो. सर कुणाची तरी नक्कल करत होते. तेवढ्यात साताऱ्याहून भावजयीचा फोन आला. पहाटे सीमेवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला, दिनकर गेला.

"पहाटं?" सर माझ्याकडं बघत म्हणाले. "पहाटं तर मी झोपलो व्हतो रं. लय गाढ."

निरोप जात नाही म्हणून वर्षानुवर्षं ठणकावणारा हा माणूस, तो आला नाही म्हणून हादरला होता! मनातून ते त्या निरोपाची वाट बघत होते, हे मला त्या क्षणी कळलं.

घरी सांगितलं तर काकू चक्क हसल्या. "खोटं हाय. सकाळीच बगितलाय म्या ह्येला. धडधाकट हाय की!" आणि पुन्हा त्यांचा दंड चाचपू लागल्या. सर खाली बसले. मान न उचलता म्हणाले, "आई, माझ्या तब्येतीचा आन् त्येचा कायबी संबंध न्हाई गं."

काकूंचा हात थांबला.

"एका पोटात व्हता की रं," त्या म्हणाल्या. "मग तू कसा ऱ्हायलास?"

उत्तर सरांना पाठ होतं. जन्मभर त्यांनी तेच शिकवलं होतं.

"मलाबी कळंना, आई," ते म्हणाले.