बॅकला खेळणारा माणूस

अन्याय माझ्या आत्येआजीवर झाला. या वर्षीच्या धुळवडीला, दुपारी सव्वाचार वाजता, वाडीच्या मैदानावर. करणारा कुणी साहेब नव्हता, मी होतो.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. सपाट जागा एकच, ते मैदान. तिथे कारखान्यांचे टँकर उभे करायला द्यायचं घाटत होतं, म्हणून मी पत्रक काढलं. पत्रकं काढायची मला सवयच आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना गेटवर वाटतो, वीर स्टेशनच्या रिक्षावाल्यांना देतो. या वेळी मी पणजोबांना पुढे केलं. शंभरेक वर्षांपूर्वी ते मुंबईत एका गिरणीच्या फुटबॉल संघात होते. हजेरीत नाव साच्यावर, म्हणजे मागावर, पण पगार खेळण्याचा. समोर पलटणीचे बूटवाले गोरे, हे अनवाणी. इथवर खरं. पुढे मी ठोकून दिलं: 'शंभराहून अधिक गोल करणारा आपल्या वाडीचा वाघ'.

छापून आणल्यावर आत्येआजीला वाचून दाखवलं. ही पणजोबांची धाकटी लेक, नव्वदीला टेकलेली.

"ह्यो कुणाचा बाप रे?" ती म्हणाली.

"तुझाच की."

"माझा बाबा बॅकला खेळायचा, मागं राहून अडवायला. जन्मात एक गोल नाय मारला त्यानं." मग स्वतःच्या नडगीवर बोट ठेवून म्हणाली, "हितं खड्डा होता त्याच्या, बुटाचा. माझं बोट बसायचं त्यात. गोलकीला मातीत पडावं लागलं नाय, त्याचा सदरा संध्याकाळी पांढराच्या पांढरा राहिला, की बाबा खूश. गुडघा मोडला तेव्हा गिरणीनं घरी धाडला."

"आजी, बॅक पत्रकात चालत नाय. लोकांना गोल लागतात."

"गोल मारणारे दुसरे होते. त्यांच्या पोरींनी काय सांगायचं मग?"

खोट्या कागदांवरून कचेरीत टेबल बडवणारा मी. दुरुस्त करतो म्हणालो. केलं नाही. गठ्ठे बांधून तयार होते, आणि खरं सांगायचं तर ती ओळ मला आवडली होती.

धुळवडीला मुंबईकर गावात असतात, म्हणून सभा तेव्हाच ठेवली. मुंबई मंडळाच्या अध्यक्षांनी ती ओळ दोनदा वाचली. शिट्ट्या पडल्या. हात वर झाले: मैदान द्यायचं नाही, त्याला नाव पणजोबांचं. मग आजीला शाल पांघरली आणि कुणीतरी तिच्या हातात माइक दिला. तिने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. "माझा बाबा गोल..." एवढंच बोलली. पुढचं मला माहीत होतं. मी माइक ओढून घेतला आणि म्हणालो, "आजी दमल्यात."

टाळ्या वाजल्या. जोरात वाजल्या.

परतताना मी हात पुढे केला. तिने धरला नाही. वाटेकडच्या गडग्याच्या दगडांना धरत, एकेक पाऊल टाकत गेली. "तू हो पुढं," म्हणाली. त्यानंतर तिने माझ्याशी बाबाचा विषय काढलेला नाही. मी काढला तर ती चुलीकडे बघते.

मैदान राहिलं. सोबतचे म्हणतात, काम झालं ना, आता कशाला उकरतोस? खरं बोलून मैदान राहिलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी करून पाहिलं नाही, लाज त्याचीच वाटते. मैदानावर लावलेल्या नावाच्या फलकावर ती ओळ तेलरंगात आहे. येत्या रविवारी मी ती सगळ्यांसमोर खरवडणार आहे. पण मी वाटलेली पत्रकं तुमच्या घरात पडलीत, टीव्हीखाली, डब्यांच्या तळाशी. शोधा. वरून तिसरी ओळ खोडा आणि तिथे 'बॅक' लिहा. मग ते घेऊन वाडीत या आणि तिला मोठ्याने वाचून दाखवा. ती बोलायला लागली, तर मधे तोंड घालू नका.