आत येणारा मी नव्हतो

आता तुमच्यापासून काय लपवू? चहा घ्या, तोवर सांगतो. बऱ्हाणपुरात माझ्याइतका इमानदार चौकीदार शोधून मिळायचा नाही, आणि त्याच इमानदारीनं मी केळीचा भरलेला ट्रक भर उन्हात अडकवून ठेवला!

मी केळीच्या गोदामाच्या फाटकावर बसतो. आत ऑफिसात वंदनाताई बिलं करतात. त्यांचा कंप्युटर जुना, त्यातला बिलाचा प्रोग्राम त्याहून जुना. बिल काढायचं तर तो आधी इंदूरच्या मोठ्या ऑफिसशी बोलतो. त्याचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. हमालांनासुद्धा पाठ!

मग इंदूरच्या मॅडमचा फोन आला. "प्रोग्राम जुनाच राहू द्या. पण आमच्याशी बोलण्याआधी तो आता दर वेळी मोबाईलवर परवानगी मागेल."

कुणाच्या मोबाईलवर? मालक कायम गावोगाव. ताई कधी रजेवर. जागेवर कायम कोण? मी! जोडला माझा मोबाईल.

"आबा, भलत्या माणसाला आत सोडायचं नाही, एवढंच," मॅडम म्हणाल्या.

अहो, हे तर माझं जन्माचं काम!

दुसऱ्या दिवशी निंबोला गावची केळी भरून ट्रक दिल्लीला निघायच्या बेतात. फक्त बिल हातात पडायचं बाकी. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. एकेक अक्षर लावून वाचलं, 'क्या आप ही अंदर आ रहे हैं?' खाली 'हाँ' आणि 'नहीं'.

मी तर बाहेर स्टुलावर बसलेलो! दाबलं 'नहीं'.

पुन्हा वाजला. पुन्हा 'नहीं'.

माझी खात्रीच पटली, कुणीतरी शिरायला बघतंय! फाटकाला कुलूप घातलं, काठी घेऊन गोदामामागे चक्कर मारली. झुडपंसुद्धा ढोसून पाहिली. परत वाजला. परत 'नहीं'!

"चाचा, ताला काहे को?" ड्रायव्हर ओरडला. "केला गाडी में ही पक जाएगा!"

"चुप बैठो भाई, चोर आया है!"

तेवढ्यात वंदनाताई घामाघूम होऊन बाहेर आल्या. "आबा, प्रोग्राम बंद पडला हो! आत घेतच नाही."

"कसा घेईल ताई? मी पहाऱ्यावर आहे. आला की हाकलतोय!"

त्यांनी माझा मोबाईल पाहिला आणि पायरीवरच बसल्या. "आबा, तो चोर मी होते!"

इंदूरला फोन गेला. माझ्या एवढ्या 'नहीं'मुळे प्रोग्रामला पडलेलं कुलूप मॅडमनी तिकडून काढलं. ड्रायव्हर, हमाल, सगळे मला घेऊन ऑफिसात. ताई खुर्चीवर बसल्या, मोबाईल वाजला. तोच प्रश्न!

"हाँ दाबा, आबा!"

"पण ताई, आत तर तुम्ही चालल्यात. मी खोटं कसं बोलू?"

"बोल दो ना चाचा!" ड्रायव्हरनं हात जोडले. "पाप मेरे सर पे!"

पण बोट काही पुढे सरकेना. शेवटी ताई उठल्या. मी त्यांच्या खुर्चीत बसलो, त्यांनी दाखवलेलं बटण दाबलं आणि मग मोबाईलवर छाती पुढे काढून 'हाँ'! बिल निघालं, ट्रक सुटला.

तेव्हापासून आमच्याकडे हाच रिवाज. ताई उठतात, मी बसतो, बटण दाबतो, फाटकावर परत येतो; पुढचं बिल ताईच करतात.

मात्र इंदूरला प्रत्येक बिलावर दिसतं माझंच नाव! कालच मॅडमनी झापलं, "आबा, बिलात गाडीचा नंबर पुन्हा चुकवलात. कंप्युटरवर बसता तर जरा लक्ष देऊन बसा!"

आता त्यांना काय सांगणार? आत मीच गेलो होतो ना!