अण्णांची मधाची बिअर

छापखानेवाले अण्णा अक्षरांचे खिळे जुळवताना मजकूर मोठ्याने वाचत. आमची दारूबंदीची पत्रकं त्यांच्याकडेच छापली जात आणि 'मद्य' हा शब्द त्यांच्या हातून हमखास 'मध' होई. 'मध म्हणजे विष' असं छापलेला गठ्ठा मी एकदा रागाने परत नेला, तर म्हणाले, "काय करू पुढारी, हात गोडाकडंच जातोय की!"

गोडाचं कारण मागच्या खोलीत होतं. तरुणपणी पुण्याच्या लष्कर भागात एका गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याकडून अण्णा बिअर करायला शिकले होते. जवाला मोड आणायचे, वाळवून, भरडून उकळायचे, त्यात मध, लवंग, दालचिनी घालायची आणि पाववाल्याकडचं खमीर. बायको गेल्यापासून रविवारी दुपारी एक पेला, एवढीच त्यांची चैन.

"अण्णा, लाज वाटत नाही?" हे कळल्यावर मी सरळ विचारलं.

"वाटती की. पण चाखल्याबिगर शिव्या देऊ नका. चाखा, मग द्या."

चाखली. पुरावा हवा म्हणून, असं स्वतःला बजावत. आधी मध लागला, मग जवाचा कडवटपणा, आणि घशात लवंगेची ऊब राहिली. पेला रिकामा झाला तरी मी तो खाली ठेवेना. अण्णांनी पुन्हा भरला. मी तोही प्यालो.

घरी येऊन स्वतःवरचा सगळा राग कागदावर काढला: 'घरच्या घरी, मसाला घालून, हौसेने घेतलेला घोट हाही घातच!' अण्णा ते वाचत जुळवू लागले आणि मध्येच थांबले.

"पुढारी, ह्ये माझ्यावरच हाय न्हवं?"

"नाही हो, सर्वसाधारण आहे."

"लई बराबर लिवलंय." त्या खेपेला 'मद्य' एकदाही चुकलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो, आशेनेच गेलो, तर बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. अण्णा भिंतीला टेकून नुसते बसलेले. गिरणीच्या फाटकासमोरचा गुत्ता, जिथे अख्खे पगार जिरतात, तो मात्र जोरात चालू होता. तिथे आमच्याच पत्रकात शेंगदाणे बांधून मिळत. सुधारले ते एकटे अण्णा, ज्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं!

छापखाना विकून ते अक्कलकोटला लेकीकडे निघाले, तेव्हा स्टँडवर मला राहवलं नाही. "अण्णा, खमीर किती घालायचं?"

एसटीच्या खिडकीतून ते खरोखरच रागावले. "तसलं इचारायचं न्हाय, पुढारी. वाईट असतंय त्ये. तुमीच पटवलंय की मला."