बाबांच्या कानावरचा हेडसेट

माझे बाबा बहिरे आहेत हे सगळ्या सौंसरला ठाऊक आहे, फक्त बाबांना मान्य नाही. त्यांच्या मते अलीकडे लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. मी शिक्षिका. दिवसभर वर्गात घसा फोडायचा आणि घरी आल्यावर 'बाबा, चहा झाला' एवढं सांगायलाही शेजारी दचकतील असं ओरडायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ओरडायची पाळी दुसऱ्या कुणावर येत नाही.

कानाचं मशीन मी नागपूरहून करून आणलं होतं. ते कपाटात पडून आहे. मोहगावच्या वाटेवर आमचा संत्र्याचा बगीचा आहे, आणि बहार, म्हणजे हंगामाची फळं, झाडावर असतानाच विकायची आमच्याकडची रीत. व्यापारी येतात, बगीचा फिरून बघतात, मग झाडाखाली बाजेवर बसून सौदा होतो. बाबांचं म्हणणं एकच.

"कानाले मशीन लावून बसलो का व्यापारी माह्याशी बोलतच नाइत. नोकराशी बोलतात, नाइ तर तुह्याशी बोलतात. मंग मालक कोन?"

व्यापारी माझ्याशी, म्हणजे मुलीशी, बोलतात हा त्यांना सगळ्यात मोठा अपमान वाटतो. आणि हे ते मलाच सांगतात. संताप येणार नाही तर काय होईल?

दोन दिवाळ्यांमागे पुण्याहून भाऊ आला तो आपला जुना गेमचा कन्सोल घेऊन. त्याने नवीन घेतला होता, म्हणून जुना आमच्या गळ्यात. मला वाटलं, धूळ खात पडेल. पण त्यात शेतीचा एक खेळ निघाला. परदेशातलं गव्हाचं अफाट शेत, त्यात ट्रॅक्टर चालवायचा, पेरायचं, कापायचं. झालं. रोज संध्याकाळी भाऊ पुण्यातून हार्वेस्टर चालवायचा आणि बाबा सौंसरहून त्याच्या बाजूने ट्रॉली न्यायचे. भाऊ काय बोलतोय ते ऐकू यावं म्हणून टीव्ही पूर्ण आवाजात. त्यावर बाबांचं बोलणंही त्याच पट्टीतलं. आमच्या गल्लीला गहू कधी कापला आणि कुठे ओतला हे सगळं कळायचं. जुन्या कंट्रोलरचं रबर निघून गेलं तेव्हा मीच म्हटलं, चला, नवा कंट्रोलर घेऊ आणि सोबत हेडसेटही घेऊ.

पांढुर्ण्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला पहिला प्रश्न केला, "मुलगा किती वर्षाचा हाय, मॅडम?" मी म्हटलं, मुलगा नाही, हे खेळणार आहेत. त्याने बाबांकडे पाहिलं, हसला, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचंच बंद केलं. प्रश्न मी विचारायची. कान पूर्ण झाकतो का? आवाज कमी-जास्त करायचं चाक वायरवर आहे का? वायर कंट्रोलरला लागते ना? उत्तरं तो बाबांना द्यायचा. बाबांना त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. ते प्रत्येक वाक्याला "हाव, हाव" म्हणून मान हलवत होते आणि दुकानदार खूश होत होता. ज्याला ऐकू येतं तिच्याशी बोलायचं नाही आणि ज्याला येत नाही त्याला समजावून सांगायचं, हा कुठला न्याय? शेवटी मी मोठे, कानभर गादीचे हेडसेट स्वतः एकेक करून कानाला लावून पाहिले आणि ज्यातला आवाज सगळ्यात भरदार, तो बाजूला काढला.

कंट्रोलर मात्र बाबांनीच निवडला. प्रत्येक हातावर तोलून पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला, देठ तपासावा तशी वरची जॉयस्टिकची काडी फिरवून पाहिली. दुकानदाराने त्यातला एक बांधायला घेतला तर बाबा म्हणाले, "हा नको. पेटीतला वरचा थर दाखवाचा असते. खालचा काढ."

संत्र्याच्या धंद्यात सगळी हयात गेलेल्या माणसाला वरचा माल पटत नाही. दुकानदाराने एकदाच सांगितलं, काकाजी, सगळे सारखेच आहेत. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. तो अगदी खालच्या फळीपाशी वाकला आणि सगळ्या डब्यांच्या तळाचा, कोपरे दबलेला, कोण जाणे कधीपासून पडलेला डबा काढून त्याने पुसला. बाबा समाधानाने बघत होते. मी म्हटलं, अहो, हा जुना आहे. माझं कोण ऐकतं?

घरी आल्यावर बाबांचा ट्रॅक्टर आपोआप डावीकडे जायला लागला. काडीला बोट लावलं नाही तरी डावीकडे. आधी कुंपणात गेला, मग भावाच्या हार्वेस्टरवर. बाबा म्हणाले, जमीन तिकडे उताराची आहे. आठवडाभर ते त्या परदेशी जमिनीला दोष देत होते. मी एकटीच डबा घेऊन पांढुर्ण्याला परत गेले, तर दुकानदार म्हणतो, काकाजींनी स्वतः निवडला, आता आम्ही काय करणार? तळपायाची आग मस्तकाला गेली. मी वर्गातला आवाज काढला. दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली तेव्हा त्याने मुकाट्याने वरच्या फळीवरचा नवा डबा दिला. घरी हे सांगितल्यावर बाबा काय म्हणाले? "आणखी खालचा मांगाले पाहिजे होता तू."

हेडसेटचं मात्र बाबांनी कौतुक केलं. हरभऱ्याएवढं कानाचं मशीन लावायची ज्यांना लाज वाटते, ते दोन्ही कानांवर हे वाटीएवढे डबे, तोंडासमोर माइकची दांडी आणि त्यावर लाल दिवा, असा थाट करून ओसरीवरसुद्धा बसायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हे खेळाचं हाय." मी कपाळावर हात मारून घेतला.

पण खरी तिडीक पुढेच होती. भावाचा आवाज त्यांना नीट ऐकू यायला लागला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा माणसाचा आवाज स्वच्छ कानात पडला, आणि तो सातशे-आठशे किलोमीटरवरच्या, वर्षातून एकदा येणाऱ्या मुलाचा. "पाह्य कसा साफ बोलते पोरगा," ते मला सांगायचे. "एकबी शब्द सुटत नाइ. बोलाची रीत असते एकेकाची." हेडसेट निवडला मी, दुकानात भांडले मी, रोज वायर सोडवून देते मी, आणि बोलायची रीत मुलाला.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भाकरी करत होते. बाहेर खेळ चालला होता. बाबांना वाटतं आपण हळू बोलतोय, पण त्यांचं हळू आमच्या ओट्यापर्यंत येतं. ते भावाला म्हणत होते, "तुही बहीण माह्यावर सारखी रागावून राहाते रे. सकाळपासून रागात. चहा देते तेबी रागात. माहं काय चुकलं तेबी सांगत नाइ. मी आता विचारतच नाइ तिले."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. कुणासाठी ओरडते मी? ओरडले नाही तर ऐकू येत नाही, आणि ओरडले तर मी रागावलेली. एवढी वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक शब्दाला राग समजून, मनात भिऊन, गप्प बसत होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

मी तिथूनच भावाला मोबाइल लावला. म्हटलं, तुझा फोन स्पीकरवर टाकून तुझ्या माइकजवळ धर आणि एक अक्षर बोलू नकोस. त्याने धरला. मग मी भिंतीला टेकून, अगदी हळू, शाळेत आणि घरात कुठेच ज्या आवाजात मला बोलायला मिळत नाही त्या आवाजात म्हणाले, "बाबा, मी रागावली नाइ. कधीच नव्हती. जेवाले चला."

बाहेर ट्रॅक्टर थांबला. मग त्यांनी भावाला विचारलं, "तुह्या घरी कोनी आलं हाय काय रे? कोन बाई हाय? मोठा गोड आवाज हाय."

भाऊ म्हणाला, "बाबा, ताई आहे ती."

"काहीबी सांगू नको," बाबा म्हणाले. "ताईचा आवाज मले मालूम नाइ काय?"

मी फोन ठेवला, दारात गेले आणि ओरडले, "मीच होती, बाबा!"

त्यांनी एका कानावरचा डबा बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं. "होय माय," ते घाबरून म्हणाले. "येतो जेवाले. रागावू नको."