डोंग्याचं बूड

आमचं अर्धं शेत तलावाच्या पलीकडे. नवरा धानाच्या रोपांचे पऱ्हे, खत, धानाचे भारे, सगळं डोंग्यातून ने-आण करायचा. काठावर धारदार दगड. डोंगा ओढला की बूड सोललं जायचं. म्हणून त्यानं ट्रकच्या जुन्या टायरच्या पट्ट्या बुडाला ठोकल्या होत्या, फटीत डांबर भरलं होतं आणि काठावर दोन गुळगुळीत ओंडके आडवे गाडले होते. डोंगा त्यांवरून सरसर वर यायचा.

ते ओंडके चुलत दिरानं पोराच्या लग्नात चुलीत घातले.

"भाऊजी, आमचे ओंडके काऊन नेले?" मी मांडवातच विचारलं.

"सडून राहिले होते वयनी. लाकडासाठी कायले रडता?" तो म्हणाला. पंगत हसली. मी वाढत राहिले.

पऱ्हे लावायची रोवणी आली. नवे ओंडके आणायला सवड नव्हती. दगडांवर घासून टायर फाटला, फळी झिजली आणि एका सकाळी भर तलावात डोंग्यानं पाणी घेतलं. पऱ्हे बुडाले. नवरा उलट्या डोंग्याला धरून तरंगत होता. दीर स्वतःच्या डोंग्यात बसून पाहत होता. जवळ आला नाही. पलीकडच्या शेतातल्या माणसांनी पोहत जाऊन नवऱ्याला काढलं. महिनाभर तो खोकत होता.

मी लोखंडी सब्बल घेऊन दिराच्या डोंग्यापाशी गेले होते. एक घाव पुरला असता. पण मग गावानं त्याचीच कीव केली असती. मला ते नको होतं.

उन्हाळ्यात पाणी हटलं तेव्हा आमच्या शेताच्या टोकाशी मी रोज दगड उपसले. हात सोलले. तळाची चिक्कण माती थापली, वर नवे ओंडके गाडून घाट केला. उपसलेल्या दगडांचा बांध आमच्या हद्दीवर असा रचला, की हद्दीबाहेरून कोणाचा डोंगा ओढत आणता येऊ नये.

कापणीच्या वेळी दिराच्या डोंग्याचं बूड गळू लागलं. भाऱ्यांनी लादलेला डोंगा घेऊन तो आमच्या घाटासमोर आला, कमरेएवढ्या पाण्यात उतरला.

"वयनी, एवढा लावू द्या. दगडावर ओढला तर फुटते."

"नाही."

"लावू दे ना," मागून नवरा म्हणाला.

"तुमी बुडत होते तवा यानं हात देल्ला होता का?"

दिरानं एकेक भारा डोक्यावर घेऊन दगडांतून वाहिला. दोनदा घसरला. शेवटचा भारा निघेपर्यंत मी काठावरून हलले नाही. त्या दिवशी मला पोटभर जेवण गेलं.

यंदा त्यानं बायकोला पाठवलं. तिला मी चहा दिला, खाली बसवलं, तिच्या नातवाची चौकशी केली. घाटाचं विचारलं तेव्हा उत्तर तेच दिलं.