घसरून न पडलेले साडू

बीड शहरात रहदारीचे नियम पाळणारा एकच माणूस आहे आणि तो माझा साडू आहे, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. सायकलवरून घरोघर कुरिअर वाटणारे हे पन्नाशीचे गृहस्थ बंद पडलेल्या सिग्नललासुद्धा थांबत. मागून रिक्षावाले ओरडत, "काका, कावून थांबले?" हे शांतपणे म्हणत, "ते बंद हाय, मी चालू हाय." पाकीट ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं, या हट्टापायी एकदा ते एका वकिलामागे थेट कोर्टात शिरले आणि उलटतपासणी थांबवून सही घेऊन आले.

अशा माणसाला गेल्या वर्षी बसस्टँडसमोर आडवं केलं ते एका उभ्या जीपच्या दारानं. ड्रायव्हरनं मागं न बघता दार उघडलं आणि साडूंच्या खांद्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात पोचलो, तेव्हा कुरिअरच्या मॅनेजरचा फोन आला होता. पहिला प्रश्न काय, तर "पार्सल फुटलं तर न्हाई ना?" माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी तो स्वतः कागद घेऊन हजर. 'खासगी कामाला जाताना सायकल घसरून पडलो.' खाली सहीची जागा.

"पाठीवर तुमची पिशवी व्हती की," साडू म्हणाले. "मग खासगी कसं?"

"काका, सगळे असंच लिहून देतात."

हे 'सगळे' साडूंनी शोधून काढले. याच कुरिअरचे दोन सायकलवाले; एकाचा गुडघा कायमचा आखडलेला, दुसऱ्याचे पुढचे दात गेलेले. दोघांनाही गाड्यांनीच उडवलेलं, आणि कागदावर दोघंही घसरलेले!

"बीडात काय रस्त्यावर लोणी सांडलंय का?" साडू गरजले.

मग हात झोळीत अडकवून ते रोज दहाला ऑफिसच्या बाकावर जाऊन बसू लागले. चार दिवसांनी ते दोघंही शेजारी येऊन बसले. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारी आणि साडू पहिल्यापासून सांगत. नवव्या दिवशी मॅनेजरनं तिघांचेही कागद बदलले. 'कामावर असताना वाहनाची धडक.' इलाजही ऑफिसनं करायचं कबूल केलं.

हाड मात्र वाकडंच जुळलं. साडू आता ऑफिसात बसून पाकिटं निवडतात. परवा सकाळी गेलो, तर त्यांनी तो कागद मला दोनदा वाचून दाखवला, घडी घालून खिशात ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वरची गुंडी तेवढी लावा. हात पोचत न्हाई."