गुरप्पाच्या फियाटची मोडकी स्प्रिंग

गुरप्पाला आपल्या जुन्या फियाटचं भारी वेड. डाळीचं दुकान बंद करून घरी आला की कोट खुंटीला आणि हा बॉनेटखाली. सिद्धम्मा गाडीला सवत म्हणायची. चौऱ्याहत्तर साली पेट्रोल कडाडलं, तेव्हा तिनं गाडी विकायचा शब्दच त्याच्याकडून घेतला. मोहोळचे जोतीरामअण्णा रविवारी गाडी बघायला यायचे ठरले, आणि आदल्याच दिवशी इंजिन खडखडायला लागलं. वॉल्व्हची स्प्रिंग मोडली होती.

मेकॅनिक म्हणाला, इंजिनचं अख्खं हेड उतरवावं लागेल. गुरप्पा म्हणाला, काही नको, घरीच करतो. स्प्रिंग काढली की वॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडायची भीती. म्हणून प्लगच्या भोकातून सुती दोरी आत भरायची, हँडल फिरवून पिस्टन वर आणायचा, मग दोरीच वॉल्व्हला खालून धरून ठेवते. त्यासाठी या गृहस्थानं सिद्धम्माची कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि ओले कपडे तिच्या हातात दिले. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना.

नवी स्प्रिंग जागेवर आली. ती दाबून धरायची आणि वॉल्व्हच्या दांडीला स्प्रिंग अडवून धरणारी दोन इवलीशी लॉकं लावायची, की झालं. पण घोडं तिथंच पेंड खात होतं. गुरप्पाला जवळचं दिसेनासं झालं होतं आणि चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा, असं त्याचं ठाम मत. लॉक सारखं निसटे. एकदा तर पार जात्याखाली गेलं. शोधून आणलं सिद्धम्मानंच, आणि पदर खोचून ती तिथंच बसली.

"तुमी दाबा. मी लावते."

गाडीला कुणाचं बोट लागू न देणारा गुरप्पा निमूटपणे दाबत राहिला. तिनं बोटाला ग्रीस घेतलं, एक लॉक बसवलं, मग दुसरं, आणि आता हळू सोडा म्हणाली. दोरी ओढून काढली, बाकीचं जोडलं, हँडल मारलं. खडखड गेली होती. सिद्धम्माला एवढा आनंद झाला की ती कपडे विसरून इंजिनचा आवाज ऐकत उभी राहिली.

जोतीरामअण्णा आले, त्यांनीही आवाज ऐकला आणि भाव चांगला सांगितला. गुरप्पाचा हात बॉनेटवरून निघेना. पण शब्द दिलेला. घरात विचारा, एवढंच तो म्हणाला.

सिद्धम्मा रॉकेलनं हात पुसत होती.

"अण्णा, बाकीच्या स्प्रिंगा बी जुन्याच हायत की. त्या बसवल्याबिगर गाडी कुटं जात न्हाय."

मग त्या बसवल्यावर येतो, असं अण्णा म्हणाले.

"मी बसवल्यावर कशाला इकू?"

अण्णांसाठी चहा टाकायला गुरप्पा स्वतःच आत गेला.